साल्बाखचा उतार आणि ऐरोलीचा स्टुडिओ: एका मराठी समालोचनाचे प्रकरण

४ ते १६ फेब्रुवारी २०२५ या काळात ऑस्ट्रियातील साल्बाख-हिंटरग्लेम येथे अल्पाइन स्कीइंगची, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्कींवर घसरत उतरण्याच्या शर्यतींची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. या स्पर्धेचे मराठी समालोचन करण्याचे काम नवी मुंबईत ऐरोली येथील आमच्या स्टुडिओकडे आले, तेव्हा समालोचक प्रत्यक्ष स्पर्धास्थळी पाठवावा की सर्वांनी इथेच पडद्यासमोर बसून बोलावे, हा पहिला प्रश्न होता. बऱ्याच चर्चेनंतर समालोचक ऑस्ट्रियात आणि तज्ज्ञ भाष्यकार ऐरोलीत अशी विभागणी ठरली. या प्रक्षेपणाचा निर्मिती समन्वयक म्हणून मी स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात होतो. ही विभागणी का केली, ती चालवताना काय आडवे आले आणि एवढ्या लांब पाठवलेल्या माणसामुळे प्रेक्षकाच्या पदरात नेमके काय पडले, याची ही नोंद आहे. मराठीत हिवाळी खेळांचे समालोचन फारसे झालेले नाही. पुढे जे कोणी हे काम हाती घेतील त्यांना यातले तपशील उपयोगी पडावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

निर्णयामागची कारणे

दूरच्या खेळांचे बरेचसे समालोचन आज जगभर पडद्यावरचे चित्र पाहूनच केले जाते. यजमान प्रक्षेपक, या स्पर्धेपुरती ऑस्ट्रियाची सार्वजनिक वाहिनी ओआरएफ, चित्र आणि मैदानातला आवाज सर्वांना सारखाच पुरवतो. स्पर्धास्थळी बसलेला समालोचकही बहुतांश वेळ समोरच्या मॉनिटरकडेच पाहत असतो, कारण दोन-तीन किलोमीटर लांबीचा उतार कोणत्याही खिडकीतून संपूर्ण दिसत नाही. त्यामुळे 'तिथे जाऊन वेगळे काय दिसणार' हा व्यवस्थापनाचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नव्हते.

आमचे उत्तर असे होते की या खेळात कॅमेरा सर्वांत मोठी गोष्ट लपवतो. लांब पल्ल्याच्या भिंगातून उतार चपटा दिसतो आणि ज्या ठिकाणी माणूस नुसता उभा राहिला तरी घसरेल, ते ठिकाण पडद्यावर बेताच्या चढासारखे भासते. ज्या प्रेक्षकाने आयुष्यात बर्फाचा उतार पाहिलेला नाही, त्याला ही तूट स्वतःच्या अनुभवातून भरून काढता येत नाही. युरोपातल्या प्रेक्षकाला ती येते, म्हणून तिथल्या वाहिन्यांना घरबसल्या समालोचन परवडते. मराठी प्रेक्षकासाठी मात्र कुणीतरी त्या उताराच्या पायथ्याशी उभे राहून मान वर करून पाहिले पाहिजे आणि जे पाहिले ते सांगितले पाहिजे, हे म्हणणे शेवटी मान्य झाले. पैसे एकाच माणसाच्या प्रवासापुरते मंजूर झाले.

दोघांपैकी कोणी जावे, हाही प्रश्न होताच. समालोचक ठाण्याच्या नौपाड्यातल्या. कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट या खेळांचे समालोचन त्या अनेक वर्षे करत आहेत. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे मैदान श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभे केले, त्या घराण्यातला त्यांचा आवाज आहे. वाक्य पूर्ण करण्याची आणि आकडा चुकू न देण्याची शिस्त त्यात आहे. भाष्यकार हे सातारा जिल्ह्यातले निवृत्त सुभेदार. नोकरीच्या काळात ते गुलमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्कीइंग शिकले, पुढे त्यांनी जवानांनाही शिकवले, आणि आता ते कळव्यात मुलाकडे राहतात. स्कीइंग त्यांना कळते आणि समालोचन समालोचकबाईंना येते. प्रत्यक्ष शर्यत चालू असताना ज्या आवाजावर प्रेक्षक विसंबून असतो तो आवाज तिथे असावा, या विचाराने बाईंना पाठवायचे ठरले.

ठाण्यातली तयारी

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग साल्बाखमध्ये नव्हे, पाचपाखाडीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात घडला. जुन्या शर्यतींचे चित्रण आवाज बंद करून लावायचे आणि त्यावर बाईंनी बोलायचे, असा सराव आम्ही स्टुडिओत केला होता. नंतर तोच प्रयोग सोसायटीतल्या रहिवाशांसमोर केला. समोर बहुतेक निवृत्त मंडळी होती, काही शाळकरी मुले होती. पहिल्या शर्यतीचे चित्रण संपल्यावर एका निवृत्त शिक्षिकेने विचारले, "ही मुलगी एकटीच खाली येते. मग शर्यत कोणाशी?"

या प्रश्नाने आमच्या तयारीची दिशा ठरली. तोवर आम्ही तंत्राच्या तपशिलांत अडकलो होतो: स्कीची कड बर्फात कशी रुतते, वजन बाहेरच्या पायावर का ठेवतात, उताराच्या पृष्ठभागात पाणी टोचून तो काचेसारखा कठीण का करतात. हे सगळे महत्त्वाचे आहे, पण जो खेळाडू दिसत नाही त्याच्याशी ही शर्यत आहे, हे आधी पोचले पाहिजे. प्रत्येक खेळाडू घड्याळाविरुद्ध उतरतो. उतारावर ठरावीक ठिकाणी मधली वेळ नोंदली जाते. आतापर्यंतच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तो पुढे असेल तर पडद्यावर हिरवा आकडा येतो, मागे असेल तर लाल. बाईंनी ठरवले की प्रत्येक शर्यतीच्या सुरुवातीला या दोन रंगांचा अर्थ सांगायचा आणि पुढे प्रत्येक मधल्या वेळेला तो आकडा उच्चारल्याशिवाय राहायचे नाही. पुढच्या प्रयोगाला त्याच सभागृहात लाल आकडा दिसताच मुले "गेला, गेला" असे ओरडू लागली, तेव्हा आमची खात्री पटली.

डाउनहिल या सर्वांत वेगवान प्रकाराची ओळख करून देतानाही असाच एक उपाय सापडला. पुरुषांच्या डाउनहिलमध्ये प्रारंभ आणि शेवट यांच्या उंचीत साधारण ८०० ते ११०० मीटरचा फरक असतो. नुसत्या आकड्याने काही बोध होत नाही. ठाणे जिल्ह्यात माहुलीचा किल्ला सुमारे ८५८ मीटर उंचीवर आहे आणि आसनगावहून तो चढताना भल्याभल्यांचा दम निघतो, हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना स्वानुभवाने ठाऊक होते. माहुलीच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत दोन मिनिटांच्या आत उतरायचे, तेही ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने, असे सुभेदारांनी म्हटल्यावर सभागृह गप्प झाले. हे उदाहरण आम्ही प्रक्षेपणातही जसेच्या तसे ठेवले.

'आपले कोणी आहे का' हा प्रश्न अर्थातच आला. शिव केशवन यांनी ल्यूज या, बर्फाळ मार्गावरून घसरगाडीने उतरण्याच्या, प्रकारात १९९८ ते २०१८ अशा सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता, आणि २०२० पासून गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, ही माहिती आम्ही तयार ठेवली होती. परंतु प्रेक्षकाला आपला माणूस नसला तरी बाजू घेता येते, हे टेनिस आणि फुटबॉलने केव्हाच दाखवून दिले आहे. त्यामुळे या विषयावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

प्रवास

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. स्पर्धेच्या अधिस्वीकृतीचे पत्र हातात येईपर्यंत आम्हाला अर्ज करता आला नाही, त्यामुळे शेवटचे आठवडे तणावात गेले. अशा कामात सर्वांत आधी त्या पत्राचा पाठपुरावा करावा, एवढेच इथे नोंदवतो. म्युनिकला विमानाने, तिथून रेल्वेने त्सेल आम झे या गावी आणि पुढे बसने ग्लेमच्या खोऱ्यात, असा बाईंचा प्रवास झाला. साल्बाख गावात राहणे परवडण्यासारखे नसल्याने त्या खाली त्सेल आम झेलाच राहिल्या आणि रोज बसने वर जात.

कपड्यांची यादी सुभेदारांनी स्वतः तपासली. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर, एक माप मोठे बूट म्हणजे आत लोकरीचे मोजे दाटणार नाहीत, आणि लिहायला पेनाऐवजी पेन्सिल, कारण थंडीत बॉलपेनची शाई थिजते. "ताई, पाय गरम राहिले तर तोंड चालेल," हे त्यांचे वाक्य पुढे बाईंनी अनेकदा उद्धृत केले. सकाळी शून्याखालच्या तापमानात समालोचन कक्षात बसून तासन्‌तास बोलायचे म्हणजे ओठ आणि जबडा आखडतात. जोडाक्षरांचे उच्चार सैल पडू लागतात. म्हणून बाई प्रत्येक शर्यतीपूर्वी बऱ्याच आधी कक्षात पोचून खेळाडूंची नावे मोठ्याने म्हणत. फ्रान्यो फॉन आल्मेन, फेडेरिका ब्रिन्योने, काइसा विकहोफ ली, लोईक मेयार ही नावे त्यांनी त्या त्या देशाच्या पत्रकारांकडून ऐकून आपल्या वहीत देवनागरीत लिहून घेतली होती, आणि ती वही हा त्या प्रवासाचा एक मोठाच लाभ आहे.

दोन शहरे, एक संभाषण

आता तांत्रिक अडचणीकडे येतो, कारण दोन ठिकाणांहून समालोचन करणाऱ्या प्रत्येकाला ती येणारच. स्पर्धेचे चित्र संकेतबद्ध होऊन, अनेक टप्पे पार करून ऐरोलीला पोचते, तोवर सेकंद-दीड सेकंद उलटून जातो. बाईंचा आवाज मात्र वेगळ्या मार्गाने, चित्रापेक्षा लवकर येतो. तो तसाच जोडला तर खेळाडू पडण्याआधीच 'पडला' असे शब्द प्रेक्षकाच्या कानी पडतील. म्हणून आवाजाला स्टुडिओत तेवढाच विलंब द्यावा लागतो. हे सोपे आहे, मोजून करता येते.

संभाषणाचे तसे नाही. बाईंनी प्रश्न विचारायचा, तो विलंबाने सुभेदारांच्या कानी जायचा, त्यांचे उत्तर पुन्हा प्रवास करून साल्बाखला पोचायचे, तोवर उत्तर येत नाही असे समजून बाईंनी पुढचे वाक्य सुरू केलेले असायचे. दोघेही एकदम बोलत आणि दोघेही एकदम थांबत. त्यात बाईंचा स्वतःचाच आवाज उशिराने त्यांच्या कानात परत गेला तर कसलेला वक्तासुद्धा अडखळतो. त्यामुळे त्यांच्या कानातल्या परतीच्या आवाजातून त्यांचाच आवाज वगळणे, म्हणजे ज्याला आम्ही मिक्स मायनस म्हणतो ती जोडणी, पहिल्या दिवसापासून चोख ठेवावी लागली.

संभाषणासाठी शेवटी एक नियम केला. खेळाडू उतारावर असताना फक्त बाई बोलतील. त्यांना सुभेदारांकडे सूत्रे द्यायची असतील तेव्हा वाक्याच्या शेवटी 'सुभेदारसाहेब' एवढेच म्हणून त्या थांबतील, आणि सुभेदार बोलून झाल्यावर 'ताई' म्हणून थांबतील. संबोधन हेच सूत्र. एरवी मराठी बोलताना या हाका आपण सहज मारतो, त्यामुळे प्रेक्षकाला हा नियम आहे असे कधी जाणवलेही नाही. त्याला ते दोन माणसांमधले अगत्य वाटले, आणि ते होतेही.

६ फेब्रुवारी: महिलांची सुपर-जी

ही स्पर्धेतली पहिली वैयक्तिक शर्यत. सुपर-जी म्हणजे डाउनहिलसारखीच वेगवान, पण अधिक वळणांची शर्यत. यजमान देशाच्या स्टेफनी वेनियरने सुवर्ण जिंकले, इटलीची ब्रिन्योने दुसरी आली, आणि तिसऱ्या स्थानी नॉर्वेची विकहोफ ली आणि अमेरिकेची लॉरेन मकूगा अशा दोघी आल्या. दोघींची वेळ शतांश सेकंदापर्यंत तंतोतंत सारखी होती. अल्पाइन स्कीइंगमध्ये निकाल शतांशापर्यंतच धरतात, त्यापलीकडचे अंक सोडून देतात, आणि बरोबरी झाली तर पदक दोघांनाही देतात.

हे सांगण्याची संधी सुभेदारांनी अचूक साधली. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारा खेळाडू एका शतांश सेकंदात सुमारे २८ सेंटीमीटर अंतर कापतो, म्हणजे वीतभराहून थोडे अधिक. साऱ्या डोंगरावरून उतरून आल्यावर दोघींमध्ये तेवढेही अंतर उरले नाही, असे त्यांनी सांगितले. बाईंनी त्यावर एक शब्दही वाढवला नाही. त्याऐवजी त्यांनी पडद्यावर न दिसणारी एक गोष्ट सांगितली: शर्यत संपेपर्यंत वेनियरचे सुवर्ण पक्के नव्हते, आणि त्या काळात ऑस्ट्रियाचे प्रेक्षक प्रत्येक नव्या खेळाडूच्या मधल्या वेळेला श्वास रोखत होते, लाल आकडा आला की मगच सोडत होते. पाचपाखाडीतल्या मुलांनी जे केले होते तेच तिथे होत होते, आणि ते सांगायला तिथे कोणीतरी असणे भाग होते.

११ फेब्रुवारी: सांघिक संयुक्त शर्यत

या प्रकाराचा जागतिक स्पर्धेत हा पहिलाच समावेश होता. एका देशाच्या जोडीतली एक खेळाडू डाउनहिल उतरते, दुसरी स्लालम करते, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांच्या गेट्समधून झटपट वळणे घेत उतरते, आणि दोघींच्या वेळेची बेरीज होते. अमेरिकेच्या ब्रीझी जॉन्सन आणि मिकेला शिफरिन या जोडीने सुवर्ण जिंकले. शिफरिनचे हे जागतिक स्पर्धांतले पंधरावे पदक, म्हणजे १९३० च्या दशकातल्या जर्मनीच्या क्रिस्टल क्रान्झची बरोबरी. दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या शर्यतीत तिन्ही पदके स्वित्झर्लंडच्या जोड्यांनी नेली.

शिफरिन ३० नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेतल्या किलिंग्टन येथे जायंट स्लालममध्ये (गेट्स अधिक अंतरावर असलेल्या, स्लालमपेक्षा वेगवान शर्यतीत) पडली होती आणि तिच्या पोटाला खोल जखम झाली होती. साल्बाखमध्ये तिने जायंट स्लालममधून माघार घेतली. हे का, याचे उत्तर सुभेदारांनी आकड्यांत दिले नाही. पडून उठलेल्या जवानांना पुन्हा उतारावर उभे करण्याचा अनुभव त्यांनी सांगितला: डोंगर तोच असतो, पण पडलेल्या माणसाची नजर जिथे तो पडला तिथेच जाते, आणि स्कीवर नजर जाईल तिकडे शरीर जाते. मला हा संपूर्ण प्रक्षेपणातला सर्वोत्तम क्षण वाटतो. असे बोलणे पुस्तकातून तयार करता येत नाही.

१६ फेब्रुवारी: पुरुषांची स्लालम

स्लालमच्या दोन फेऱ्या असतात, दोन्हींसाठी गेट्सची मांडणी वेगळी असते, आणि तिच्यावर सराव करता येत नाही. खेळाडू सकाळी कडेकडेने हळूहळू घसरत मार्ग फक्त पाठ करतात. पहिल्या फेरीतले पहिले ३० जण दुसऱ्या फेरीत उलट्या क्रमाने उतरतात, त्यामुळे आघाडीवरचा खेळाडू त्यांच्यात शेवटी येतो. ही रचना बाईंनी दिवसभरात अनेकदा सांगितली होती.

आघाडीवर होता फ्रान्सचा क्लेमाँ नोएल, २०२२ चा ऑलिंपिक विजेता. तो उतरला तेव्हा स्वित्झर्लंडचा मेयार पहिल्या स्थानावर वाट पाहत होता. नोएलच्या एका स्कीचे टोक गेटच्या चुकीच्या बाजूने गेले आणि शर्यत तिथेच संपली. मेयारला सुवर्ण, नॉर्वेच्या आत्ले ली मॅकग्राला रौप्य, जर्मनीच्या लीनुस श्ट्रासरला कांस्य मिळाले.

नियंत्रण कक्षात मला जे दिसले ते असे. नोएल चुकला त्या क्षणी बाईंचा आवाज थांबला. काही सेकंद काहीच आले नाही. मार्ग तुटला असे समजून स्टुडिओतल्या राखीव निवेदकाने माइककडे हात नेला होता आणि माझा हात त्याच्या फेडरवर, म्हणजे आवाज चालू-बंद करणाऱ्या सरकपट्टीवर, होता. पण बाईंच्या माइकचा मीटर शून्यावर गेलेला नव्हता, त्याची पट्टी हलकेच थरथरत होती. म्हणजे माइक उघडा होता, कक्षातला आणि बाहेरच्या गर्दीचा आवाज त्यात झिरपत होता, आणि बाई मुद्दाम गप्प होत्या. मी फेडर वर केला नाही. मैदानातला तो मोठा निःश्वास प्रेक्षकांपर्यंत पुरता पोचला आणि मग बाई म्हणाल्या, "नोएल चुकला. मेयार विश्वविजेता. सुभेदारसाहेब." पुनर्दृश्यावर सुभेदारांनी दाखवले की स्कीची दोन्ही टोके आणि दोन्ही पावले गेटच्या योग्य बाजूने जावी लागतात, आणि इथे एक टोक कसे अडकले.

दूरच्या पडद्यासमोर बसलेला समालोचक अशा वेळी सहसा गप्प राहत नाही, असे माझे निरीक्षण आहे. शांतता म्हणजे बिघाड, ही भीती स्टुडिओत कायम मानगुटीवर असते. मैदानात बसलेल्याला भोवतालचा आवाज ऐकू येत असतो, म्हणून त्याला गप्प राहण्याचे धैर्य होते.

पुढील स्पर्धेसाठी

२०२७ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये क्रान्स-मोंताना येथे होणार आहे. व्यवस्थापनाला दिलेल्या टिपणात मी दोघांनाही पाठवण्याची शिफारस केली आहे, आणि तिचे कारण आवाजातला विलंब हे नाही. तो आम्ही सांभाळू शकतो. स्कीवर उभे राहता येणाऱ्या समालोचकांना शर्यतीपूर्वी उताराच्या कडेने जाऊन गेट्सची मांडणी जवळून पाहता येते, बर्फ कुठे कठीण आहे, कुठे उजेड चपटा पडून खळगे दिसेनासे होतात, हे कळते. बाई तिथे असूनही त्यांना ते शक्य नव्हते. सुभेदारांना ते शक्य आहे, आणि ते पाहून त्यांनी जे सांगितले असते ते ऐरोलीत बसून सांगणे त्यांच्याही आवाक्यात नव्हते. पैसे पुन्हा एकाच माणसापुरते मिळाले, तर मात्र माझे मत बाईंच्याच बाजूने आहे.

अधिस्वीकृतीचा अर्ज या वेळी दोन नावांनी करायचा आहे. सुभेदारांचा पासपोर्ट संपला असल्याने त्यांनी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरणासाठी वेळ घेतली आहे, आणि पाचपाखाडीच्या सभागृहातला पुढचा प्रयोग जायंट स्लालमवर ठेवायचा असे ठरले आहे.